स्वीडनमध्ये डागिसचा पहिला मिडसॉमर: नव्या मराठी पालकांसाठी

मे महिन्याच्या मध्यावर डागिसच्या, म्हणजे इथल्या बालवाडीच्या, ॲपवर मिडसॉमर या उन्हाळी सणाचा एक छोटा निरोप येतो. तारीख, वेळ, पिकनिक आपापली आणा, आणि खाली कामांची यादी: पानं आणणे, स्टोंग (सणाचा खांब) सजवणे, कॉफी, खेळ, आवराआवर. नवे पालक तारीख लिहून ठेवतात आणि यादी सोडून देतात. पहिल्या वर्षी मीही सोडली. दिलेल्या वेळेला आम्ही तिघं नवे कपडे घालून पोचलो, तर स्टोंग उभी होती, पोरांच्या डोक्यावर फुलांची कडी होती, बाकीचे पालक हसतबोलत बसले होते, आणि आम्ही आमच्या सतरंजीवर पाहुण्यांसारखे. कोणी वाईट वागलं नाही. ओळखी आदल्या संध्याकाळी पानं बांधतानाच झाल्या होत्या, आणि तेव्हा आम्ही घरी होतो.

म्हणून पहिली पायरी हीच: यादीत नाव लिहा.

आधी थोडी माहिती

सरकारी कागदावर या बालवाडीला फर्स्कूला म्हणतात, बोलताना सगळे डागिस. एक वर्षाच्या बाळापासून शाळेत जाण्याआधीच्या मुलांपर्यंत सगळी तिथे असतात. मोठ्या मुलांच्या शाळा जूनच्या पूर्वार्धात संपतात, तिथला निरोपसमारंभ वेगळा असतो. मिडसॉमर साजरा करायचा तो मुख्यतः डागिसमध्ये, कारण डागिस त्यानंतरही चालू असते.

मिडसॉमरची संध्या, म्हणजे मिडसॉमरआफ्तोन, 1953 पासून शुक्रवारी येते: 19 ते 25 जूनमधला शुक्रवार. त्याआधी ती 23 जूनला ठरलेली असायची आणि मुख्य दिवस 24 जूनला. 2026 मध्ये हा शुक्रवार 19 तारखेला आहे, 2027 मध्ये 25 तारखेला. त्या दिवशी डागिस बंद असते, त्यामुळे डागिसचा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी त्याआधीच उरकतात, बरेचदा आठवड्यातल्या एखाद्या दुपारी. निरोपातली तारीख नीट वाचा आणि ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा आधीच सांगून ठेवा. जूनमध्ये सगळ्यांनाच रजा हवी असते.

हा धार्मिक सण आहे का, हे आपल्याकडचे लोक हमखास विचारतात. 24 जून हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा दिवस, हे खरं. पण डागिसच्या अंगणात जे चालतं त्यात प्रार्थना नसते, चर्च नसतं. पानं, फुलं, गाणी, जेवण आणि मोठा दिवस, एवढंच. या दिवसांत स्टॉकहोममध्ये सूर्य पहाटे साडेतीनला उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो, त्यानंतरही पूर्ण काळोख होतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे काढलेल्या माणसाला या सणाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

दोन आठवडे आधी: कोणतं काम घ्यायचं

आमचं डागिस पालकांच्या सहकारी संस्थेचं आहे. दूध संघ आणि हाउसिंग सोसायट्या बघत वाढलेल्या आपल्या लोकांना ही कल्पना पटकन समजते: पालकच सभासद, पालकच समितीत, साफसफाईच्या दिवशीही पालकच. अशा ठिकाणी मिडसॉमरचं बरंचसं काम पालकांकडे असतं. नगरपालिकेच्या डागिसमध्ये शिक्षक आणि मुलं मिळून बरंच करतात, तरीही मदत मागितली जाते. मागितली नाही तर तुम्ही विचारा. वाक्य पाठ करून ठेवा: "व्हाद कान याग येल्पा तिल मेद?" म्हणजे मी कशात मदत करू? आणि ज्यांना विचारायचं त्यांना नावानेच हाक मारा. मुख्याध्यापिकेलाही. इथे सगळे एकमेकांना "दू" म्हणजे "तू" म्हणतात. मला पहिले कित्येक महिने जीभ रेटून बाईंचं नाव घ्यावं लागायचं, पण इथे मॅडम म्हटलं की समोरच्यालाच अवघडल्यासारखं होतं.

माझं स्पष्ट मत: भाषा कच्ची असेल तर कॉफीचं टेबल घेऊ नका, स्टोंग सजवायचं काम घ्या. कॉफीच्या टेबलावर प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलावी लागतात आणि तिसरं वाक्य सुचत नाही. स्टोंगेच्या कामात दोन तास शेजारी बसून हात चालवायचे असतात. स्वीडिश माणूस उगाच बोलत नाही. पण हातात काम असलं की तोही हळूहळू बोलायला लागतो: आमच्या गावी अशी बांधतात, माझी आजी तशी बांधायची.

पानं आणि फुलं

स्टोंग, पूर्ण नाव मिडसॉमरस्टोंग, म्हणजे एक उंच खांब, वर आडवी दांडी आणि दांडीच्या दोन टोकांना लटकणारी दोन गोल कडी. डागिसची स्टोंग साधारण तीन-चार मीटरची असते आणि लाकडी सांगाडा वर्षभर शेडमध्ये पडलेला असतो. दर वर्षी नवी लागतात ती पानं आणि फुलं.

पानं बर्चची. स्वीडिशमध्ये या झाडाला ब्यर्क म्हणतात. आपल्या भूर्जपत्राचा भूर्ज तो याच कुळाचा, आणि ब्यर्क, बर्च आणि भूर्ज हे तिन्ही शब्दही एकाच जुन्या मुळातून आलेले. हे कळल्यापासून अंगणातल्या त्या पांढऱ्या खोडांकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

इथे एक नियम नीट समजून घ्या, कारण नवे लोक इथेच चुकतात. स्वीडनमध्ये रानात कोणीही फिरावं, बोरं-अळंबी गोळा करावीत, असा सर्वांचा हक्क आहे. त्याला आल्लेमान्सरेत म्हणतात. पण जिवंत झाडाची फांदी तोडणं, साल किंवा पानं काढणं या हक्कात बसत नाही. त्यासाठी जमिनीच्या मालकाची परवानगी लागते. म्हणून बर्च कुठून आणायचा हे समितीतल्या कुणाला तरी विचारा. बहुधा एखाद्या पालकाच्या नातेवाइकांची जमीन असते, किंवा नगरपालिका जागा सांगते.

रानफुलं मात्र हाताने खुडता येतात. अपवाद संरक्षित जातींचा. ऑर्किडच्या सगळ्या जाती देशभर संरक्षित आहेत, आणि जूनमध्ये ओलसर कुरणात दिसणारे गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांचे ऑर्किड खूप मोह पाडतात. मुलांना आधीच दाखवून ठेवा: हे बघायचं, खुडायचं नाही. संरक्षित वनक्षेत्रात आणखी कडक नियम असू शकतात, प्रवेशाच्या पाटीवर लिहिलेले असतात. रस्त्याकडेला उभे असलेले निळे-जांभळे लुपीन मात्र खुशाल घ्या. ते बागेतून रानात पसरले आणि आता तिथल्या मूळ फुलांची जागा खातात. फक्त शेंगा धरलेले घेऊ नका, नाहीतर बी तुमच्याच हाताने नव्या जागी जाईल. लुपीन पोटात गेलं तर चांगलं नाही, म्हणून ते स्टोंगेवर लावा, दोन वर्षांच्या पोराच्या हातात नको. पांढऱ्या घंटांची लिल्येकोनवाल्य तर आणूच नका. सुगंधी असते, पण विषारी.

मुलांच्या कड्यांसाठी मी हे गोळा करते: पांढऱ्या पाकळ्यांचं आणि पिवळ्या डोळ्याचं प्रेस्टक्रागे, लाल क्लोव्हर, जांभळं मिडसॉमरब्लॉम्स्टर, आणि पांढऱ्या जाळीसारखं हुंदशेक्स. देठ हाताएवढे लांब ठेवा. आखूड देठांची फुलं बांधता येत नाहीत, हे मुलांना पटत नाही, ती मुंडकीच खुडून आणतात. तीही वाया जात नाहीत, पाण्याच्या ताटलीत तरंगत ठेवा.

रानातून घरी आल्यावर सगळ्यांच्या अंगावर गोचीड बघा. इथे तिला फेस्टिंग म्हणतात. गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला. सापडली तर चिमट्याने कातडीला टेकून पकडा आणि सरळ ओढा. पुढच्या आठवड्यांत चाव्याभोवती लाल कडं पसरत गेलं तर आरोग्यकेंद्राला फोन करा. ते बोरेलिया, म्हणजे गोचिडीतून होणारा संसर्ग, असू शकतं आणि त्यावर औषध आहे. टीबीई हा मेंदूचा आजारही गोचिडीतून होतो, त्यावर लस आहे. स्टॉकहोम, उप्साला, सोदरमानलांद या भागांत राहत असाल तर लशीची चौकशी वसंतातच करा, जूनची वाट पाहू नका.

आदली संध्याकाळ: स्टोंग सजवणे

सोबत न्यायचं: छाटणीची कात्री, जाड हातमोजे, सुतळी, बारीक तारेचं रीळ, पाण्याच्या बादल्या, आणि स्वतःचा कॉफीचा थर्मास. बर्चची पानं काही तासांत मलूल होतात, म्हणून फांद्या आणल्या आणल्या बादलीत.

फांद्यांचे वीतभर तुकडे करा आणि चार-पाच तुकड्यांची एक जुडी बांधा. खांबाच्या वरच्या टोकापासून सुरुवात करायची. पहिल्या जुडीचे शेंडे वर, देठ खाली. देठांवर तार दोन-तीन वेळा घट्ट फिरवा, पण तार कापू नका. दुसरी जुडी अशी ठेवा की तिची पानं पहिलीचे देठ झाकतील, पुन्हा तार. असं फिरत फिरत खाली यायचं. कडीसुद्धा अशीच, सगळ्या जुड्या एकाच दिशेला. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेल्या माणसाच्या हाताला हे दहा मिनिटांत जमतं. नवखे दोन चुका करतात: जुड्या विरळ लावतात, मग वाऱ्यात खांब दिसायला लागतो, आणि तार सैल ठेवतात. पानं वाळली की जुडी आकसते, सैल तार मग सुटतेच. आणि पानं कितीही आणली तरी कमी पडतात. आमच्या चार मीटरच्या स्टोंगेला गाडीमागचा एक पूर्ण ट्रेलर लागतो.

फुलं शेवटी, शक्यतो त्या दिवशी सकाळी, मुलांच्या हातांनी.

खांब सजवण्याला इथे "क्ले" म्हणतात, म्हणजे कपडे घालणं. गुढीला आपण खण नेसवतो तेव्हा जे शब्द वापरतो तेच हे. ही रीत जर्मन भागांतून आली असं सांगतात, पण आता ती इतकी इथली झाली आहे की तसं सांगितलं तर एखादे आजोबा नाराजही होतील.

माझी आई दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्याकडे होती. तिला स्वीडिशचा एक शब्द येत नव्हता, इंग्रजीही जेमतेम. मी तिला संध्याकाळी सोबत नेलं आणि एका बाकावर बसवलं. इथली डोक्यावरची कडी बर्चच्या काडीच्या किंवा तारेच्या गोलावर छोट्या छोट्या जुड्या बांधून करतात. आईने ते थोडा वेळ पाहिलं, मग तार बाजूला ठेवली, पांढरा दोरा मागितला आणि शेवंतीची वेणी करावी तशी प्रेस्टक्रागेची वेणी गुंफायला लागली, सुई न घेता. पाच मिनिटांत तिच्याभोवती चार बायका आणि एक शिक्षक गोळा झाले. तिने एकेकाचा हात हातात धरून गाठ कशी फिरवायची ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांच्या डोक्यावर वेण्या होत्या. आजी-आजोबा आले असतील तर त्यांना दुपारच्या कार्यक्रमाला तर न्याच, पण आदल्या संध्याकाळी आवर्जून न्या.

कडी-वेण्या रात्री टिकवायच्या तर पाणी शिंपडून सैल पिशवीत घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा.

डबा

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगते. पहिल्या वर्षी मी दाण्याचे लाडू नेले होते, सगळ्यांना वाटायला, मोठा डबा भरून. शिक्षिकेने शांतपणे विचारलं यात काय आहे, आणि मी सांगितल्यावर डबा लगेच गाडीत ठेवायला लावला. आमच्या डागिसमध्ये एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी होती. सूचना दारावर लावलेली होती, मी वाचली नव्हती. त्या मुलाची आई तिथेच उभी होती, तिचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हा: शेंगदाणे, काजू, बदाम काही नाही. तीळ विचारून. बाजारचं आणलं तर पाकिटावर "स्पोर आव नत्तर", म्हणजे सुक्यामेव्याचे अंश, असं लिहिलंय का बघा. घरचं आणलं तर चिठ्ठीवर घटक स्वीडिशमध्ये लिहा, त्यात दूध, अंडं, गहू आहे का ते ठळक. मी आता शेंगदाणे न घालता पातळ पोह्यांचा चिवडा नेते, आणि आमरस. आमरसात इथल्या स्ट्रॉबेऱ्या बुडवून खायची टूम आमच्या डागिसमध्ये मुलांनीच काढली.

इथलं मिडसॉमरचं जेवण म्हणजे लोणच्यासारखे मुरवलेले हेरिंग मासे, आंबट साय, चिरलेले चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात), करकरीत क्नेकेब्रेद (कोरडा चपटा पाव), आणि कोवळे नवे बटाटे उकडून, वरून दिल. दिल म्हणजे आपला शेपू. लहानपणी शेपूची भाजी ताटातून बाजूला सारणाऱ्यांनीही हे बटाटे एकदा लोण्यासोबत गरम खाऊन बघा. शाकाहारी असाल तर बटाटे, ब्रेद, स्ट्रॉबेरी केक यांवर पोट भरतं. केक आणि रंगीत गोळ्यांच्या घटकांत मात्र गेलातीन शोधा, ते प्राण्यांपासून बनतं.

तो दिवस

कपडे सुती, धुता येतील असे. मुलीला परकर-पोलकं घालायचं असेल तर जरूर घाला, पण रेशमी नको, ती गवतात लोळणार आहे. सोबत पावसाचा पूर्ण पोशाख आणि गमबूट. जूनमध्ये पंधरा अंश आणि पाऊस ही नेहमीची गोष्ट आहे आणि पावसामुळे कार्यक्रम रद्द होत नाही. बसायला खालून ओल न झिरपणारी सतरंजी. वेळ तीनची असेल तर पावणेतीनला पोचा.

स्टोंग उभी करताना मुलांना खांबाच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर थांबवतात. तुमचं मूल धावत पुढे जाणारं असेल तर त्याला उचलून घ्या. चार-पाच मोठी माणसं खांब धरतात, एकजण तळाशी पाय लावून उभा राहतो, बाकीचे दोर ताणतात. मोकळे हात असतील तर दोर धरायला पुढे व्हा, कोणी बोलावण्याची वाट पाहत बसू नका.

मग नाच. एखादा पालक अकॉर्डियन किंवा फिडल वाजवतो, सगळे हात धरून खांबाभोवती गोल करतात. लहान मुलं आतल्या गोलात, मोठी माणसं बाहेर. भोंडला खेळलेल्या कुणालाही हे परकं वाटणार नाही: मधे एक वस्तू, भोवती फेर, साधी गाणी, घरकामाच्या नकला. एका गाण्यात आठवड्याच्या वारांप्रमाणे कपडे धुणं, वाळवणं, इस्त्री करणं येतं. सगळ्यात लाडकं ते छोट्या बेडकांचं गाणं, स्मो ग्रूडुर्ना. त्यात बेडकांना कान नाहीत म्हणून हात कानांशी हलवायचे, शेपटी नाही म्हणून हात पाठीमागे, आणि उकिडवं होऊन उड्या मारायच्या. बँकेतला मॅनेजरही मारतो. बाहेर उभं राहून व्हिडिओ काढणारे पालक बहुतेक नवेच असतात. फोन खिशात घाला आणि फेरात शिरा. शब्द येत नसतील तर शेजारच्या चार वर्षांच्या मुलाकडे बघून करा.

फोटो स्वतःच्या मुलाचेच काढा. दुसऱ्याचं मूल चौकटीत आलं तर ते फोटो फॅमिली ग्रुपवरही टाकू नका, आधी त्याच्या पालकांना विचारा. काही मुलांची नावं आणि पत्ते सुरक्षेसाठी गुप्त ठेवलेले असतात आणि ती कोणती हे तुम्हाला कळणार नाही.

नाचानंतर पोत्यातली शर्यत, रस्सीखेच आणि फिस्कदाम. फिस्कदाम म्हणजे टांगलेल्या चादरीवरून मुलाने गळ टाकायचा आणि पलीकडे लपलेल्या पालकाने त्याला खाऊची पुडी अडकवायची. हे पलीकडचं काम सगळ्यांत चांगलं. गळ खाली आला की दोरीला हलका झटका द्यायचा, मासा लागल्यासारखा. पुड्या मोजूनच ठेवा, भावंडं धरून.

रात्री सात प्रकारची फुलं उशीखाली ठेवली तर भावी जोडीदार स्वप्नात येतो असं इथे सांगतात. फुलं गोळा करताना बोलायचं नाही. आमच्या मुलीने फुलं ठेवली आणि सकाळी सांगितलं की स्वप्नात डागिसचा ससा आला होता.

आवराआवर

आवरायला थांबा, अर्धा तासही पुरतो. झेंडा फडकवला असेल तर इथल्या रिवाजाप्रमाणे तो रात्री नऊच्या आत उतरवतात. कोण उतरवणार ते विचारा आणि तुम्हीही हात लावा, एकट्याला घडी नीट घालता येत नाही. निघताना "ताक फर इदाग", आजच्याबद्दल आभार.

स्टोंग पुढे काही आठवडे तशीच उभी राहते, पानं तपकिरी होईपर्यंत. उतरवतील तेव्हा पुन्हा जा, तिथे नेहमीच माणसं कमी असतात. तारेचा प्रत्येक तुकडा गोळा करा, गवतात राहिला तर मुलांच्या पायात किंवा गवत कापायच्या मशिनीत जातो. कडी वाकली असतील तर सरळ करून शेडमध्ये खिळ्याला टांगा. आणि तारेची किती रिळं लागली, सुतळी किती, पानं कुणाच्या जमिनीवरून आणली, हे एका कागदावर लिहून त्या खिळ्यालाच अडकवा. पुढच्या वर्षीच्या यादीत तो कागद लागतो.